अल्जिनेटच्या बीड्समधून जीए (जिबरेलिक ॲसिड) दोन तासात बाहेर, रिलीज स्लो करायला नक्की काय मॉडिफाय करू?

अर्धवट_केमिस्ट

नमस्कार मंडळी. एमएस्सी ऑरगॅनिकच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट असा मिळालाय की समुद्री शेवाळातल्या पॉलिसॅकराईडमध्ये (साखरींच्या लांब साखळीत, माझ्याकडे अल्जिनेट) झाडांचं ग्रोथ रेग्युलेटर, म्हणजे वाढीचं रसायन, भरायचं आणि ते मातीत हळूहळू, सरांच्या भाषेत "निदान महिनाभर तरी", सुटत राहिलं पाहिजे. मामाची द्राक्षबाग आहे, लहानपणापासून जीए जीए ऐकत आलोय, म्हणून मीच हौसेने जिबरेलिक ॲसिड निवडलं आणि आता पस्तावतोय.

केलं काय ते सांगतो. २ टक्के सोडियम अल्जिनेट, त्यात जीए थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून टाकलं, सिरिंजने थेंब थेंब २ टक्के कॅल्शियम क्लोराईडमध्ये सोडलं, अर्धा तास तसंच ठेवलं, धुतलं, काही बीड ओले ठेवले काही ४० डिग्रीला वाळवले. दिसायला एक नंबर, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. मग फॉस्फेट बफर पीएच ७.४, ३७ डिग्री, शेकर, मधूनमधून सॅम्पल काढून यूव्हीला २१० वर रीडिंग. ओले बीड पंधरा मिनिटात रिकामे! वाळलेले दोन तासात ७०-७५ टक्के, आणि चार तासांनी बघतो तर बीडच गायब, तळाला पांढुरका गाळ. कोर्समेयर-पेप्पासमध्ये (रिलीज कसा होतो ते सांगणारं समीकरण) बसवलं तर त्यातला घातांक एन ०.६ आला, सर म्हणाले ॲनॉमलस डिफ्युजन लिहून टाक.

आता डोक्यात बरंच काही आहे, अल्जिनेट सोडून कॅराजीनन (लाल शेवाळातलं पॉलिसॅकराईड) घेऊ का, चिटोसनचा (कोळंबीच्या कवचापासून बनतं ते) कोट देऊ का, पिरियॉडेटने ऑक्सिडाईज करू का, की ईडीसी लावून जीए सरळ अल्जिनेटलाच जोडून टाकू. शेवटचं मला सगळ्यात आवडलंय कारण ईडीसीची बाटली लॅबमध्ये पडून आहे. सबमिशनला अडीच महिने. कुणी यातलं काही केलंय का?

जेलबाबा

३७ डिग्री कशाला रे? द्राक्षवेलीला ताप आलाय का? औषधाच्या गोळ्यांचा पेपर समोर ठेवून प्रोटोकॉल उतरवलायस हे लांबूनच दिसतंय. राग मानू नकोस, आम्हीही असंच केलं होतं.

आधी तो गाळ. फॉस्फेट बफर हा कॅल्शियम अल्जिनेटचा काळ आहे. अल्जिनेटमध्ये दोन प्रकारच्या साखरी असतात, मॅन्युरॉनिक आणि गुल्युरॉनिक, त्यातल्या गुल्युरॉनिकच्या सलग पट्ट्यांमध्ये कॅल्शियम जाऊन बसतो, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसा, आणि त्यावरच सगळं जेल उभं असतं. बफरमधला फॉस्फेट त्या कॅल्शियमला ओढून कॅल्शियम फॉस्फेट करतो, तो तुझा पांढरा गाळ, आणि वरून बफरमधला सोडियम रिकाम्या जागी जाऊन बसतो. ट्रे फाटला. म्हणजे चार तासांनी तू रिलीज मोजतच नव्हतास, पडलेल्या घराचे वासे मोजत होतास. मातीत उलट परिस्थिती आहे, आपल्याकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, तिथे बीड टिकेल. त्यामुळे टेस्ट कर साध्या पाण्यात, मग थोडं कॅल्शियम क्लोराईड घातलेल्या पाण्यात, मग मातीच्या अर्कात, २५-३० डिग्रीला. फॉस्फेट बघायचाच असेल तर मुद्दाम बघ, कारण शेतकरी ड्रिपमधून १२:६१:०० हे फॉस्फेटवालं खत सोडतोच.

आता मुख्य गोष्ट, ही कागदावर पेनाने करून बघ. ओल्या बीडची त्रिज्या १ मिमी धरली, आणि जीएसारखा छोटा रेणू पाण्यात सरकतो त्याचा डी (डिफ्युजन कोएफिशियंट) साधारण ५ गुणिले १० चा उणे दहावा घात, चौरस मीटर दर सेकंदाला. त्रिज्येचा वर्ग भागिले डी म्हणजे २००० सेकंद. गोल बीड ९५ टक्के रिकामा व्हायला याचा पाव भाग लागतो, म्हणजे आठ-नऊ मिनिटं. तुझे ओले बीड पंधरा मिनिटात रिकामे झाले ना? गणिताबरहुकूम झाले. अल्जिनेटची जाळी काही नॅनोमीटरची, जीएचा रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा. कोळ्याच्या जाळ्यातून चिलट निघून जावं तसं ते निघून जातं. जाळीने प्रोटीन अडतं, एन्झाइम अडतं, जीवाणू अडतो, ३४६ मॉलिक्युलर वेटचं जीए अडत नाही. वाळलेल्या बीडला दोन तास लागले ते फक्त पाणी आत शिरून फुगायला लागले म्हणून.

आणि हो, "नॅनो केलं की स्लो होतं" असं कुणी सांगितलं तर नमस्कार करून पुढे जा. त्रिज्या निम्मी केली की वेळ पाव होतो. १०० नॅनोमीटरला तोच हिशेब लावलास तर सेकंदाचा काही लाखावा भाग येतो. मग नॅनोपार्टिकलच्या पेपरमध्ये ४८ तासांचे सुंदर कर्व्ह कुठून येतात? एकतर पार्टिकल त्या रेणूला खरंच धरून ठेवतंय, नाहीतर ज्या डायलिसिस बॅगमध्ये ठेवलंय त्या बॅगेलाच तेवढा वेळ लागतोय. नुसतं मोकळं जीए त्याच बॅगेत ठेवून कंट्रोल दाखवला नसेल तर तो कर्व्ह बॅगेचा आहे.

दोन प्रश्न. क्युरिंगच्या त्या कॅल्शियम क्लोराईडच्या बाथमध्ये किती जीए गेलं ते मोजलंस का? आणि एन काढताना सगळे पॉइंट घेतलेस की पहिल्या ६० टक्के रिलीजपर्यंतचेच? ते समीकरण तिथपर्यंतच चालतं.

अर्धवट_केमिस्ट

बाबा, बाथ मोजला आज. अर्ध्याहून जास्त जीए बाथमध्येच गेलंय 😭 म्हणजे जे उरलं त्यातलं ७५ टक्के दोन तासात. आणि एन काढताना सगळे पॉइंट घेतले होते, वरचा सपाट भाग पण. ६० टक्क्यांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण मग जाळीने अडणार नाही तर जोडूनच टाकायला पाहिजे ना? म्हणजे ईडीसीचा माझा प्लॅन बरोबर?

ब्युरेटवाली

जोडायची दिशा बरोबर आहे पण ईडीसीला हात लावू नकोस अजून. ईडीसी काय करतं, कार्बॉक्सिलला चेतवतं आणि मग समोर अमाईन आलं की अमाईड होतं. तुझ्या अल्जिनेटकडे कार्बॉक्सिल. जीएकडेही कार्बॉक्सिल. अमाईन कुणाकडेच नाही. दोन्ही बाजूंनी नवरेच उभे, लग्न लावणार कुणाचं? पाण्यात ओएचशी एस्टर व्हायची आशा असेल तर पाणी स्वतःच ओएच आहे आणि ते ५५ मोलर आहे, तुझ्या अल्जिनेटला कोण विचारतंय. आमच्या लॅबमध्ये एकाने हेच केलं होतं, आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) १६१०-१६३० ला पीक दाखवून "बॉन्ड झाला" म्हणाला, ते अल्जिनेटचं स्वतःचं कार्बॉक्सिलेट असतं बाबा, ते पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. एस्टर झाला असेल तर १७३५-१७४० च्या आसपास खांदा तरी दिसला पाहिजे, आणि तोही मोकळं रसायन डायलिसिसने नि अल्कोहोलच्या धुण्याने पूर्ण काढून टाकल्यावर.

दुसरं म्हणजे तुम्ही दोघं ज्या गोष्टीवर बोलला नाहीत ती, चार्ज. जीएचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू चार्ज झालेले असतात तो) ४ च्या आसपास, म्हणजे पीएच ६ ला ९९ टक्के जीए निगेटिव्ह. अल्जिनेट निगेटिव्ह. जाळी नुसती मोठी नाही, ती पाहुण्याला बाहेर ढकलतेय. कॅराजीनन घेतलंस तर त्यावर सल्फेट, कप्पावर दर दोन साखरींमागे एक, आयोटावर दोन, लॅम्डावर तीन, म्हणजे आगीतून फुफाट्यात. हिरव्या शेवाळातलं उल्वान घे, तेही सल्फेटवालं. निसर्गाने समुद्रात बसून सगळं निगेटिव्हच बनवलंय, जेल देणाऱ्यांत एक ॲगरोज जवळजवळ न्यूट्रल.

चिटोसनचा कोट लोक याचसाठी देतात, त्याचं अमाईन पॉझिटिव्ह असतं आणि निगेटिव्ह दोघांनाही धरतं. ब्राझीलमध्ये फ्रासेटो यांच्या गटाने अल्जिनेट-चिटोसनच्या नॅनोपार्टिकलमध्ये जीए भरून घेवड्यावर वगैरे चांगलं काम केलंय, ते जरूर वाच. पण चिटोसनच्या अमाईनचा पीकेए साडेसहाच्या आत. तुझ्या मामाच्या काळ्या जमिनीचा पीएच असेल साडेसात-आठ. तिथे चिटोसनचा चार्ज उतरला की पकड सुटली. म्हणजे फवारणीच्या आम्लधर्मी पाण्यात ते काम करेल, काळ्या मातीत रडेल.

तिसरं, जीए स्वतःच नाजूक आहे. त्यात लॅक्टोन (रिंगमधला एस्टर) आहे, पाण्यात ते हळूहळू तुटत जातं, अल्कलाईन झालं की फारच पटकन, आणि तुटलेलं जीए झाडाच्या काही कामाचं नाही. तू महिनाभर ओल्या बीडमध्ये ते धरून ठेवलंस तर तिसऱ्या आठवड्यात जे सुटेल त्यातलं खरं जीए किती? आणि त्याचं कार्बॉक्सिल बांधून एस्टर केलास तर एस्टर तुटेपर्यंत ते झाडाला ओळखूच येणार नाही, कारण भातात २००५ साली जो रिसेप्टर सापडला त्याला ते कार्बॉक्सिल मोकळं लागतं. बरं एस्टर तोडायला अल्कली वापरायला गेलास तर एस्टरबरोबर लॅक्टोनही गेला. हे प्रकरण अडीच महिन्यांचं नाही.

म्हणून माझं ऐकशील तर पाहुणा बदल. एनएए (नॅफ्थलिन ॲसेटिक ॲसिड, ऑक्झिन जातीचं, मुळं फोडणारं रेग्युलेटर) घे. नॅफ्थलिन रिंग आहे, २८० च्या जवळपास यूव्हीला स्वच्छ दिसतं, २१० सारखं नाही, तिथे तर अल्जिनेटचा विरघळलेला चुरा पण रीडिंग देतो, तुझे आकडे त्यानेही फुगलेले असणार. एनएए पाण्यात टिकाऊ आहे. त्यालाही कार्बॉक्सिल एकच, पण लॅक्टोनची भानगड नाही. करायचं असं: सोडियम अल्जिनेट आधी ॲसिडने अल्जिनिक ॲसिड कर, मग टेट्राब्युटाइलअमोनियम हायड्रॉक्साईडने त्याचा मीठ-फॉर्म कर, सुकव, तो मग डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये जातो, नुसतं सोडियमवालं कधीच जाणार नाही, आठवडाभर ढवळत बसलास तरी. एनएए वेगळ्या भांड्यात कार्बोनिलडायइमिडाझोलने चेतव आणि मग त्यात घाल. सगळं कोरडं पाहिजे, पावसाळ्यात हे करत असशील तर देव तुझं भलं करो.

किती बसवायचं? दर दहा साखरींमागे एक एनएए बसला तरी वजनाच्या साडेआठ-नऊ टक्के होतं, पुष्कळ आहे. हावरटपणा करून जास्त बसवलंस की ट्रेमध्ये कॅल्शियमला जागा राहत नाही आणि जेलच होत नाही, हे मी स्वतःच्या हाताने बिघडवून शिकलेय, तीन दिवसांची मेहनत आणि हातात नाकातल्या शेंबडासारखा पदार्थ.

पिरियॉडेटचं पण सांगून टाकते. पिरियॉडेट साखरेच्या दोन आणि तीन नंबरच्या कार्बनमधला बॉन्ड तोडतं, दोन अल्डिहाईड देतं, कागदावर फार देखणं. पण चेन लुळी पडते आणि जेल मऊ होतं. शिवाय अल्डिहाईडला जोडायला अमाईन नाहीतर हायड्राझाईड लागतो, एनएएचा हायड्राझाईड करून जोडलास तर आम्लात सुटेल ते एनएए नसेल, त्याचा हायड्राझाईड असेल. व्हायवाला हा प्रश्न विचारणारा एक तरी एक्झामिनर असतोच.

निफाडचा_बागायतदार

मी केमिस्ट नाही, बीएस्सी ॲग्री करून बाग बघतो, तुमचं अर्धं डोक्यावरून गेलं तरी वाचायला मजा आली. पण भाऊ, मला एक सांग, जीए महिनाभर हळूहळू सुटायला पाहिजे हे तुझ्या सरांना कुठल्या बागायतदाराने सांगितलं?

ऑक्टोबर छाटणी झाली की पोपटी अवस्थेत पहिलं जीए, १० पीपीएम, मग थोड्या दिवसांनी १५, घडाची लांबी वाढवायला. मग मणी ३-४ मिमीचे झाले की डिपिंग आणि परत ७-८ मिमीला. प्रत्येक वेळेला दिवस मोजून, हवा बघून, पाण्याचा पीएच सायट्रिकने साडेपाच-सहावर आणून (बघा, ताई म्हणतात ते अल्कलाईनचं आम्हाला केमिस्ट्री न शिकता माहीत आहे). जीए आमच्याकडे वेळेचं औषध आहे. चुकीच्या वेळी किंवा जास्त झालं की देठ जाड आणि ताठ होतात, माल पॅकिंगला मणी गळतात, आणि पुढच्या वर्षी काड्यांमध्ये घडच कमी निघतात. आता तू म्हणतोस की मुळाशी एक बीड ठेवणार जो मला न विचारता महिनाभर जीए सोडत राहणार! मी तो फुकट दिला तरी घेणार नाही. मामाला विचार, मामा पण हेच सांगेल, फक्त भाच्याला वाईट वाटू नये म्हणून गोड बोलेल.

दुसरी एक तक्रार. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून सीवीडचं म्हणून एक लिक्विड घेतलं, "शंभर टक्के शेवाळ अर्क, काहीही केमिकल नाही", मारलं आणि आठ दिवसात शेंडे असे सुसाट निघाले की मीच घाबरलो. शेवाळात एवढी ताकद नसते हो, त्यात जीए घातलेलं होतं हे कुणीही सांगेल. मग तुम्ही शेवाळ आणि जीए एकत्र करून विकणार असाल तर त्याला काय म्हणायचं, खत की औषध?

ब्युरेटवाली

दादा, कायद्यात याचं उत्तर सरळ आहे. शेवाळाचा अर्क बायोस्टिम्युलंट म्हणून खत नियंत्रण आदेशात येतो, २०२१ च्या दुरुस्तीपासून, आणि त्यात कीटकनाशक ०.०१ पीपीएमच्या वर चालत नाही. जीए, एनएए, पॅक्लोब्युट्राझॉल हे सगळे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली. म्हणजे शेवाळाचं पॉलिसॅकराईड नुसतं डब्यासारखं वापरून आत जीए भरलं तर ते औषधच, त्याचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं. तुमच्या दुकानदाराने खताच्या नावाखाली औषध विकलं.

आणि तुमचा वेळेचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मी केमिस्ट्रीच्या नादात तो विचारलाच नाही.

मालवणचो_झिल

गाववाल्यांनू, मी पण घुसतंय. आमच्या खडकांवर पावसाळा सरला की सरगॅसमचं रान माजतं, ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की पायाला गुंडाळतं, छोट्या छोट्या हवेच्या फुग्यांवाली तपकिरी झुडपं. ते अल्जिनेटचं शेवाळ. आम्ही कॉलेजात असताना पोतंभर आणून अल्जिनेट काढलं होतं: वाळवायचं, पातळ ॲसिडमध्ये धुवायचं, मग सोडियम कार्बोनेटमध्ये गरम करायचं की सगळं घट्ट खळीसारखं होतं, फडक्यातून गाळताना हाताची वाट लागते. रंग आला गुळाच्या चहासारखा. तो रंग म्हणजे शेवाळातली फिनॉल्स, आणि ती यूव्हीत २८० लाही दिसतात, तेव्हा घरी काढलेलं अल्जिनेट वापरून एनएए मोजायला जाशील तर ब्लँकच आभाळाला भिडेल. बाटलीतलंच घे. शिवाय दर पोत्याला गुल्युरॉनिकचं प्रमाण वेगळं, एका बॅचचा बीड दगड, दुसऱ्याचा लोणी. कॅराजीननचं शेवाळ म्हणजे कप्पाफायकस, ते आमच्याकडचं नाही, ते तामिळनाडूत मंडपमच्या बाजूला तराफ्यांवर लावतात, भावनगरच्या सीएसएमसीआरआय या सरकारी संशोधन संस्थेने ते तंत्र बसवलं.

पण मी लिहितोय ते दुसऱ्या कारणासाठी. कुणीतरी म्हणणार की जीए नको तर हापूसला कल्टार (वाढ रोखून मोहोर आणणारं पॅक्लोब्युट्राझॉल) भरा बीडमध्ये. माझ्या काकांच्या कलमांना दरवर्षी जुलै-ऑगस्टला कल्टार घालतात, झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून मीटरमागे ३ मिली, म्हणजे ०.७५ ग्रॅम मूळ पॅक्लोब्युट्राझॉल, दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस आहे, बुंध्याभोवती पहारीने भोकं पाडून ओततात. तो पदार्थ लिटरभर पाण्यात जेमतेम २०-२५ मिलिग्रॅम विरघळतो आणि मातीत महिनोन्महिने बसून राहतो. तो आधीच स्लो रिलीज आहे! लोकांची तक्रार उलटी, घातलं की जात नाही. त्याला अजून हळू करून कोणाचं भलं होणार, देवाक काळजी.

जेलबाबा

झिलाने चांगलं सांगितलं. आणि यातून एक गोष्ट निघते ती अर्धवटाने लिहून ठेवावी, की कमी विरघळणाऱ्या, चार्ज नसलेल्या पदार्थाला साधा अल्जिनेट बीड पण दिवस-दिवस धरतो कारण आत तो घन रूपातच बसलेला असतो. प्रॉब्लेम फक्त तुझ्यासारख्या विरघळणाऱ्या ॲसिडवाल्यांचा. ही काही नवी डोकेदुखी नाही, अमेरिकेच्या कृषी खात्यात कॉनिक यांनी १९८२ मध्येच अल्जिनेट जेलमधून २,४-डी सोडायचा प्रयोग छापलाय, आणि २,४-डी म्हणजे तणनाशक असलं तरी जातीने ऑक्झिनच, एनएएचा चुलतभाऊ. तो पेपर वाचलास तर अर्धं इंट्रोडक्शन तयार.

ब्युरेटवालीच्या एस्टरला माझा विरोध नाही, पण डीएमएसओ आणि कोरडेपणा हे सगळं जमलं नाही तर एक सोपा रस्ता हातात ठेव. बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कॉलमला वापरतात ते डीईएई सेफरोज काय आहे? ॲगरोजच, म्हणजे लाल शेवाळातून आलेलं, एपिक्लोरोहायड्रिनने वगैरे क्रॉसलिंक केलेलं आणि त्यावर पॉझिटिव्ह अमाईन लावलेलं, निगेटिव्ह प्रोटीन पकडायला. आणि त्याचा भाऊ क्यू सेफरोज, त्यावर क्वाटर्नरी अमोनियम असतं, त्याचा चार्ज पीएच कितीही असो उतरत नाही, काळ्या मातीतसुद्धा. म्हणजे शेवाळातल्या साखरेला केमिकली बदलून तिने निगेटिव्ह रेणू धरावा हे काम कधीच झालंय, फक्त शेतकऱ्यासाठी कुणी वापरत नाही. ॲगर पावडर घे, अल्कलीत ग्लायसिडिलट्रायमिथाइलअमोनियम क्लोराईड घाल, गरम कर, धू, सगळं पाण्यात होतं, तुझ्यासारख्याला झेपेल. मग त्यावर एनएए सोडियम सॉल्ट चढव. ते सुटणार कधी, तर मातीतला नायट्रेट, सल्फेट, क्लोराईड येऊन त्याची जागा घेईल तेव्हा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये टेस्ट केलीस तर काहीच सुटणार नाही आणि तू उगाच नाचशील, थोडं मीठ घातलेल्या पाण्यात बघ.

आता वापर कुठे करायचा ते बागायतदार दादांनीच सांगावं. वेळेचं औषध नको, तर असं काय आहे जे एकदा लावून नंतर हात लावता येत नाही?

निफाडचा_बागायतदार

मुळं फुटणं. डॉगरीज.

आमच्याकडे सगळ्या नव्या बागा डॉगरीज खुंटावर, आणि तो खुंट काडीपासून मुळं फोडायला महाकंजूस. काड्या आयबीएत (हेही मुळं फोडणारं ऑक्झिन) बुडवून लावतो, तरी ओळीत दात पडल्यासारखी गॅप राहतेच. काडी एकदा मातीत गेली की परत उपटून बुडवता येत नाही. तिथे बुडाशी काहीतरी ठेवता आलं, जे थोडं थोडं देत राहील, तर मी स्वतः प्लॉट देतो. डाळिंबाच्या गुटीला पण तेच, शेवाळमातीच्या गोळ्यात घालता येईल.

आणि ते बीड ड्रिपमधून सोडायचा विचार पण करू नका, १२० मेशचा फिल्टर आहे, पाच मिनिटात चोक.

ब्युरेटवाली

वा दादा. पण तिथेही महिनाभर नको हं. ऑक्झिन मुळाचा अंकुर फुटायला लागतं, अंकुर फुटल्यावर तेच ऑक्झिन जास्त राहिलं तर मूळ लांबायला अडवतं, आखूड जाड गाठी होतात. म्हणजे पहिले काही दिवस द्यायचं आणि मग संपलं पाहिजे. अर्धवट, सरांना सांग की "महिना" हा आकडा कुठून आला ते आधी ठरवू.

अर्धवट_केमिस्ट

तीन आठवड्यांनी लिहितोय, सॉरी. सरांना महिन्याचं विचारलं, ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले ते फंडिंगच्या अर्जात लिहिलं होतं 😄 आता टायटल बदललंय, एनएए आणि काडीची मुळं.

एस्टर दोनदा फसला, पहिल्यांदा डीएमएसओ ओलं होतं (बाटली कुणीतरी उघडी ठेवली होती, मी नाही), दुसऱ्यांदा झाला पण इतका बसला की कॅल्शियममध्ये टाकल्यावर बीड नाही, धागे धागे. ताई, शेंबूडच. तिसऱ्यांदा एनएए निम्मं घेतलं, डायलिसिस तीन दिवस, आणि १७३८ ला खांदा दिसतोय. बीड होतात, जरा मऊ आहेत. कॅल्शियमवाल्या पाण्यात पाच दिवसात ११ टक्के सुटलंय, नुसतं भरलेल्या बीडमधून त्याच पाण्यात पहिल्या तासातच जवळपास सगळं. मातीच्या अर्कातले सॅम्पल अजून फ्रीजमध्ये आहेत, एचपीएलसीचा (एनएए वेगळं काढून मोजणाऱ्या मशीनचा) नंबर सोमवारी लागलाय. ॲगरचा क्वाटर्नरीवाला पण टाकलाय गरम व्हायला, त्याचा वास भयंकर येतो, फ्युम हूड बंद पडलं की शेजारचे लोक शिव्या देतात.

निफाडच्या दादा, काड्या खरंच मिळतील का? साधारण दोनशे लागतील, पन्नास-पन्नासच्या चार लॉटला.

निफाडचा_बागायतदार

दोनशे कशाला, तीनशे ने. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, चार डोळ्यांच्या करून ठेवतो, ओल्या गोणपाटात गुंडाळून. पण नेल्या त्या दिवशीच लावायच्या, लॅबच्या टेबलावर दोन दिवस ठेवून मग मला फोन करायचा नाही की दादा फुटल्याच नाहीत. आणि एक लॉट माझ्या नेहमीच्या आयबीएत बुडवून लाव, नाहीतर तुझ्या बीडचं कौतुक मी कशाशी ताडून बघू?